चाकणच्या टेबलावर आलेली परदेशी प्रश्नावली: नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

सोमवारी सकाळी मालक एक मेल पुढे पाठवतात. सोबत एवढंच, "कस्टमरकडून आलंय, पंधरा दिवसांत भरून द्यायचंय, बघून घे." उघडून बघावं तर आत साठ-सत्तर प्रश्न. तुमच्याकडे बालकामगार आहेत का? कामावर घेताना कुणाकडून पैसे घेतले जातात का? कामगारांची मूळ कागदपत्रं कुणाच्या ताब्यात असतात? तुमच्या पुरवठादारांकडे हे सगळं तुम्ही कसं तपासता? आणि शेवटी सही-शिक्क्याची जागा.

अशा मेलसमोर पहिल्यांदा बसलेल्या माणसासाठी हा लेख आहे. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव इथल्या लहान-मध्यम कारखान्यात एचआरला, क्वालिटीला किंवा अकाउंट्सला नुकतेच लागला असाल, तर हे काम तुमच्याकडे येणारच. मी या पट्ट्यात सोळा वर्षं काढली. आधी टाइम ऑफिसला होते, मग एचआरला, आणि आता कारखान्यांना याच कामात मदत करते. माझं सांगणं एकच आहे. हा कागद टेबलावर बसून भरता येत नाही. तो शॉप फ्लोअरवर जाऊन आणि ठेकेदाराच्या माणसांशी बोलूनच भरावा लागतो. तसं का, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: कागद कुठून आला ते समजून घ्या

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बल्दिया भागात कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिथला बहुतेक माल एका जर्मन कंपनीकडे जायचा. आणि या आगीच्या काही आठवडे आधीच त्या कारखान्याला कामाच्या चांगल्या परिस्थितीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. प्रश्नावली भरायला बसलात की हे आठवा. कुणीतरी तिथेही रकाने भरले होते.

सात महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. माल कुणाचा होता? युरोप-अमेरिकेतल्या ओळखीच्या ब्रँडचा.

बल्दियाच्या पीडितांनी माल घेणाऱ्या त्या जर्मन कंपनीवर जर्मनीत डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला. २०१९ मध्ये तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला, कारण मुदत पाकिस्तानच्या कायद्याने मोजली गेली. त्याआधी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मध्यस्थीने त्या कंपनीने ५१.५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं होतं. न्यायालयाने मात्र जबाबदारी कुणाची, या प्रश्नाला हातच घातला नाही. आपल्याकडच्या लोकांना हे नवं वाटू नये. भोपाळचा खटला १९८६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने भारतात परत पाठवला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. माल आणि नफा सीमा ओलांडतो, जबाबदारी सीमेवर अडते. आज तुमच्या टेबलावर असलेले कायदे या अडचणीतून आले आहेत.

त्यांचं मूळ २०११ चं आहे. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेली, धंदा आणि मानवी हक्क यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने स्वीकारली. सरकारने हक्कांचं रक्षण करावं, कंपनीने ते पाळावेत, आणि नुकसान झालेल्या माणसाला दाद मिळावी, असे त्यांचे तीन भाग. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्सने २०१७ मध्ये त्यांना कायद्याचं रूप दिलं. पुरवठादारांकडे मानवी हक्क पाळले जातात का, हे मोठ्या कंपन्यांनी बघावं असं सांगणारा जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आधी जर्मनीत ३,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना आणि २०२४ पासून १,००० वाल्यांना. पुण्याच्या वाहन उद्योगाला सगळ्यात जास्त धग याच कायद्याची लागते, कारण इथल्या अनेक मोठ्या गिऱ्हाइकांची मुख्यालयं जर्मनीत आहेत.

दुसरी पायरी: साखळीत तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. जर्मन कायदा तुमच्या कारखान्याला थेट लागू नाही. भोसरीतल्या साठ माणसांच्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्याला, जर्मन सरकार दंड करणार नाही. दंड त्या जर्मन कंपनीला, आणि तिची वार्षिक उलाढाल ४० कोटी युरोंच्या वर असेल तर तो उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय सरकारी कंत्राटांतून बाहेर राहण्याची टांगती तलवार. म्हणून ती कंपनी तुमच्याशी करार करते, आणि तुम्हाला बांधतो तो करार.

तुम्ही त्या कंपनीला थेट माल देता, की दुसऱ्या कारखान्यामार्फत? थेट देणाऱ्यांची तपासणी तिने नियमित करायची असते. मधल्या कारखान्यामार्फत माल जाणाऱ्यांकडे तिने कधी बघायचं? काही गडबड असल्याची ठोस माहिती हाती आली, तर. ही माहिती बातमीतून येऊ शकते, एखाद्या संघटनेच्या अहवालातून येऊ शकते किंवा तुमच्याच कामगाराच्या तक्रारीतून.

दुसऱ्या जातीचा कायदा मालावरच बोट ठेवतो. सक्तीच्या श्रमातून तयार झालेला माल युरोपीय संघाच्या बाजारात विकायला बंदी घालणारा नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. त्यात कंपनी लहान की मोठी हा प्रश्नच नाही. अमेरिकेत अशी बंदी १९३० च्या टॅरिफ कायद्यापासूनच आहे. जुलै २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या दिंडीगुल भागातल्या एका कपडे कारखान्याचा माल तिथल्या सीमाशुल्क खात्याने अडवायचा आदेश काढला. सप्टेंबरमध्ये आदेश मागे घेतला गेला, त्याला कारण होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कामगार संघटना, कंपनी आणि ब्रँड यांच्यात स्त्री कामगारांच्या सुरक्षिततेबाबत बंधनकारक करार झाला होता आणि त्याची अंमलबजावणी दाखवता आली.

मोठ्या कंपन्यांनी आपल्या साखळीतल्या मानवी हक्कांची काळजी घ्यावी असा युरोपीय संघाचा मोठा निर्देश जुलै २०२४ मध्ये अमलात आला. पण २०२५ मध्ये त्याच्या मुदती पुढे ढकलल्या गेल्या आणि तो कमी कंपन्यांना लागू व्हावा अशा दुरुस्त्या पुढे सरकल्या. जर्मन सरकारनेही त्याच वर्षी वार्षिक अहवालाची सक्ती काढायचा प्रस्ताव आणला. "म्हणजे हे सगळं बंदच होणार ना?" असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. नाही. अहवाल द्यायचा की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. काळजी घेण्याचं कर्तव्य आणि तुमच्या करारातलं कलम जागच्या जागी आहेत.

गिऱ्हाईक भारतीय असलं तरी सुटका नाही. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. तो २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांवर उभा आहे, आणि त्यातल्या नऊ तत्त्वांपैकी पाचवं मानवी हक्कांचं आहे. त्यामुळे पुण्यातल्या मोठ्या कंपन्याही तुमच्याकडे माहिती मागतात, फक्त शब्द जरा वेगळे असतात.

तिसरी पायरी: सही करण्याआधी शेवटचं पान वाचा

बहुतेक प्रश्नावल्यांसोबत एक हमीपत्र असतं. "आमच्या संपूर्ण पुरवठा साखळीत मानवी हक्कांचं कोणतंही उल्लंघन होत नाही याची आम्ही हमी देतो आणि झाल्यास सर्व नुकसानीची जबाबदारी आमची राहील." यावर डोळे मिटून सही करू नका. तुम्हाला बिलेट (पोलादाचे ठोकळे) पुरवणाऱ्या गिरणीला कोळसा कुठून येतो हे तुम्हाला माहीत नाही. मग त्याची हमी कशी देणार?

जर्मनीत हा कायदा राबवणारी संस्था बाफा आहे. तिने २०२३ मध्येच कंपन्यांना स्पष्ट केलं की आपलं कर्तव्य उचलून पुरवठादाराच्या गळ्यात घालता येत नाही, आणि लहान पुरवठादारांकडून अशी सरसकट हमी मागणं हे काम झाल्याचं लक्षण नाही. हे गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला माहीत असतंच असं नाही. तुम्ही नम्रपणे लिहा: "आमच्या आवारात आणि आमच्या थेट जॉबवर्कवाल्यांकडे आम्ही काय तपासलं, ते सोबत जोडलं आहे. त्यापलीकडच्या साखळीची हमी आम्ही देऊ शकत नाही. ठोस माहिती मिळाल्यास कळवू." मी हे वाक्य अनेक कारखान्यांसाठी लिहून दिलं. त्यावरून ऑर्डर गेली, असं माझ्या तरी बघण्यात नाही.

चौथी पायरी: कोऱ्या कागदावर स्वतःची साखळी काढा

मध्ये तुमचा कारखाना काढा. मग गेटमधून आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं. पत्रा, रॉड, कास्टिंग हे सगळ्यांना सुचतं. लोक विसरतात ते असं: प्लेटिंगला जाणारा माल, पावडर कोटिंगवाला, कॅन्टीन चालवणारा, रात्रीची सिक्युरिटी, भंगार उचलणारा, ट्रकवर माल चढवणारे हमाल. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून वेगळा माथाडी कायदा आहे, आणि तरी दहातल्या आठ प्रश्नावल्यांत त्यांचा उल्लेखच नसतो.

आणि घरी जाणारं काम. रबरी पार्टची जादा किनार कात्रीने कापायचं काम पिशव्या भरभरून वस्त्यांमध्ये जातं. दारात बसून बाई ते करते, नगावर पैसे घेते, शाळेतून आलेली पोरं हात लावतात. बालकामगार नाहीत असं लिहिताना त्या पिशव्या कुठे जातात ते माहीत असायला हवं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला कायद्याने बंदी आहे, चौदा ते अठरा वयोगटाला धोक्याच्या कामाला बंदी आहे. घरच्या कामात हातभार लावायची सवलत आहे, पण ब्लेड आणि रबराच्या धुळीचं काम त्या सवलतीत बसवायचा प्रयत्न मी तरी करणार नाही.

नकाशावर तीन-चार जागी लाल खूण करा. जिथे इजा होण्याची शक्यता जास्त, जिथे माणसं सगळ्यात नवी, जिथे ठेकेदार बदलतात. सगळीकडे सारखं लक्ष देता येत नाही. कायदाही तशी अपेक्षा करत नाही. धोका मोठा तिथे आधी जा, एवढंच तो सांगतो.

पाचवी पायरी: प्रेस शॉपमध्ये उभे राहा

मानवी हक्क हा शब्द ऐकला की मालक दचकतात. मग मी त्यांच्याशी बोटांबद्दल बोलते. आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त मोडला जाणारा हक्क म्हणजे संध्याकाळी दहा बोटांनिशी घरी जाण्याचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्क म्हणून जोडला. पॉवर प्रेसवर काम केलेल्याला हे कुणी सांगायला नको.

दहा मिनिटं एका प्रेससमोर उभे राहा, काही न बोलता. प्रेस पायाच्या पेडलवर चालतोय की दोन हातांच्या बटणांवर? दोन बटणं असतील तर दोन्ही खरोखर दाबली जातायत का? एका बटणाला टेप लावून ते कायमचं दाबून ठेवलेलं मी किती वेळा पाहिलं, त्याची गणती नाही. टेप कामगार लावतो, हे खरं. पण का लावतो? तासाला किती पीस काढायचे, तो आकडा भिंतीवर लिहिलेला असतो, आणि दोन्ही हात वापरून तो पुरा होत नाही. लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा, बसवलेला आहे, पण "सारखा ट्रिप होतो" म्हणून बायपास केलाय का? डाय बदलताना सेफ्टी ब्लॉक लावतात की नुसता मोटरचा स्विच बंद करतात? जुन्या की-क्लच प्रेसमध्ये न दाबता दुसरा स्ट्रोक पडू शकतो. त्यावर नवा पोरगा बसवलाय का?

आता रजिस्टर काढा. अपघात रजिस्टरमध्ये तीन वर्षांत एकही नोंद नसेल, तर ते चांगलं लक्षण समजू नका. माझ्या माहितीतली सगळ्यात बोलकी तपासणी अगदी साधी आहे: कामगाराची कामावर लागल्याची तारीख आणि त्याची ईएसआयमधली, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेतली, नोंदणीची तारीख शेजारी शेजारी ठेवा. चार महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाची नोंदणी बोट तुटलं त्याच दिवशी झालेली असेल, तर बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

जून २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवडे इथल्या रासायनिक कारखान्यात आग लागून सतरा कामगार गेले. त्यातल्या बहुतेक बायका होत्या. त्या दिवसापासून मी कुठल्याही कारखान्यात गेले की पहिलं काम करते ते म्हणजे मागचा दरवाजा उघडून बघते. कुलूप असेल तर चावी कुणाकडे आहे ते विचारते, आणि चावी येईपर्यंत घड्याळ लावून थांबते.

सहावी पायरी: ठेकेदाराच्या माणसांशी बोला

"ते आमचे कामगार नाहीत, कॉन्ट्रॅक्टरचे आहेत." हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. या वाक्याला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये उत्तर दिलं आहे. दिल्लीत आशियाई खेळांची स्टेडियम बांधली जात होती. किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतं, पण त्यातला एक रुपया जमादार कापून घ्यायचा. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणं म्हणजे संविधानाच्या कलम २३ खालचं सक्तीचं श्रम. आणि काम ठेकेदाराला दिलं म्हणून काम करवून घेणाऱ्याला हात झटकता येत नाहीत.

त्या एका रुपयाची आठवण ठेवा. प्रश्नावलीत "सक्तीचं श्रम आहे का?" असं विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड येतात आणि आपण झटकन "नाही" लिहितो. माझंही तेच झालं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात "कामावर घेताना पैसे घेतले जातात का?" यासमोर मी "नाही" लिहिलं. ठेकेदाराला विचारलं होतं, तो नाही म्हणाला होता. महिन्याभराने कॅन्टीनमागे एक परभणीचा मुलगा सहज बोलून गेला, "मॅडम, गेटपासचे सहा हजार कापून झाले, आता या महिन्यापासून पूर्ण पगार." मी त्याला परत विचारलं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. सगळ्यांचं तेच होतं. रात्री झोप लागली नाही. माझ्या सहीचं "नाही" तोपर्यंत स्टुटगार्टला पोचलेलं होतं.

आम्ही गिऱ्हाइकाला कळवलं. मालक घाबरले होते, मी त्यांच्याहून जास्त. तिकडून शिव्या आल्या नाहीत, प्रश्न आले: किती जणांकडून, किती, परत कधी देणार, पुन्हा होणार नाही यासाठी काय करणार? तीन हप्त्यांत पैसे परत दिले, ठेकेदाराच्या बिलातून वळते केले, आणि भरतीच्या दिवशी गेटवर हिंदी-मराठीत फलक लावला की इथे कामाला लागायला एक रुपयाही द्यायचा नाही. ऑर्डर टिकली.

कुठे बोलायचं? ऑफिसात बोलावलंत तर कुणी काही सांगणार नाही. चहाच्या सुट्टीत, बसची वाट बघताना, दुसरी पाळी सुरू होण्याआधी बोला. सुपरवायझर सोबत नको. बायकांशी बाईने बोलावं. आणि "तुमचं शोषण होतं का?" असं कुणी विचारत नसतं. "मागच्या महिन्यात हातात किती आले? ओटी (ओव्हरटाइम) किती केलं? गावी जायचं म्हटलं तर सुट्टी मिळते का? आधार कार्ड कुठंय?" असं विचारा. खोलीचं भाडं कुणाला देता हेही विचारा, कारण खोली ठेकेदाराची असली तर नोकरी सुटली की छप्परही जातं.

मग कागद ताडून बघा. मस्टरवरचे (हजेरीपटावरचे) तास, पगारपत्रक, बँकेत जमा झालेली रक्कम आणि पीएफचं चलन, हे चार कागद एकाच महिन्याचे, एकाच दहा माणसांचे घ्या. ओटी दुप्पट दराने लागलंय का? ओटीचे पैसे पाकिटात रोख देऊन मस्टर कोरं ठेवलंय का? जानेवारी आणि जुलैमध्ये किमान वेतनातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता बदलतो. तो फरक ठेकेदाराने दिला का? किमान वेतन पुरं पडत नाही हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण तेही मिळत नसेल तर जर्मन कायद्यातही ते थेट उल्लंघन ठरतं, कारण त्यात कामाच्या ठिकाणचं किमान वेतन ही खालची रेष धरली आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या नोकरीची सवय असलेल्यांनी यातल्या दोन गोष्टी लगेच तपासाव्यात: प्रत्येक कामगाराला, ठेकेदाराच्याही, नेमणूकपत्र मिळालं आहे का, आणि नोकरी सोडलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत होतो का. ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे तत्त्व १९७० च्या कायद्यात होतं आणि आताही आहे.

साखर, गूळ, अल्कोहोल किंवा खाद्यपदार्थांच्या धंद्यात असाल, तर ही पायरी तुमच्यासाठी आणखी अवघड आहे. ऊसतोडीचा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत फडावरून न हलणं. कर्जाने बांधलेलं श्रम ओळखायचं कसं, असं कुणी विचारलं तर मला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. २०१९ मध्ये राज्याच्या समितीने बीड जिल्ह्यात केलेल्या पाहणीत गर्भाशय काढलेल्या ऊसतोड स्त्रियांची संख्या तेरा हजारांहून जास्त निघाली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वृत्तपत्राने हा धागा जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत नेला, आणि मग इथल्या कारखान्यांकडे प्रश्नावल्यांची रीघ लागली. या बायका तिथे आधीही होत्या.

सातवी पायरी: आता कागद भरा

"होय", "नाही" आणि "लागू नाही" या तीन रकान्यांत मावत नाही ते शेऱ्यात लिहा. तपासणीत सापडलेली त्रुटी लपवू नका. "प्रेस क्रमांक ४ आणि ७ वर दोन हातांची बटणं नाहीत. १५ मार्चपर्यंत बसवतो, तोवर त्यावर फक्त प्रशिक्षित माणूस." असा शेरा मला शंभर टक्के "सर्व ठीक" पेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, आणि जाणत्या ऑडिटरलाही वाटतो. हा कायदा परिणामाची हमी मागत नाही, प्रयत्नांचा पुरावा मागतो. खोटं उत्तर मात्र करारभंग ठरतं, आणि तो पुढे अपघात झाल्यावर उघडा पडतो.

माहिती नाही तिथे "माहिती घेत आहोत, अमुक तारखेपर्यंत कळवू" असं लिहा आणि ती तारीख पाळा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवीच. समितीतल्या बाहेरच्या सदस्य कोण, हे शॉप फ्लोअरवरच्या बाईला माहीत आहे का तेही बघा. नावं फळ्यावर असली आणि फळा डायरेक्टरच्या केबिनबाहेर असला, तर त्याचा उपयोग नाही.

आठवी पायरी: तक्रारीला वाट द्या

जर्मन कायद्याने मोठ्या कंपनीला तक्रार यंत्रणा ठेवावी लागते, आणि ती थेट पुरवठादाराच्याच नव्हे, त्याच्याही मागच्या कारखान्यातल्या कामगाराला खुली असते. तुमच्या प्लेटिंगवाल्याकडचा हेल्परसुद्धा तिथे लिहू शकतो. गिऱ्हाइकाकडून तो पत्ता मागून घ्या आणि मराठी-हिंदीत लावा. मालक विरोध करतील. त्यांना सांगा की आतली तक्रार आत ऐकली गेली, तर बाहेर जायची वेळ क्वचित येते.

बाहेरचे रस्तेही हळूहळू उघडतायत. मलेशियात एका इंग्लिश ब्रँडसाठी सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या नेपाळी आणि बांगलादेशी कामगारांचा दावा इंग्लंडमध्येच चालवावा, असं तिथल्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं. भोपाळच्या वेळी जे झालं नाही ते.

पण इथल्या कामगाराला सगळ्यात जवळचा रस्ता इथलाच आहे: वेतनासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय, यंत्राच्या धोक्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, इजा झाल्यावर ईएसआय. तक्रार करणाऱ्याची पाळी बदलली, ओटी बंद झालं, गेटपास "रिन्यू" झाला नाही, तर तो सूड आहे. तक्रारीनंतरचे तीन महिने त्या माणसाची हजेरी स्वतः तपासत राहा.

नववी पायरी: गिऱ्हाइकाचा वाटा त्याच्या पदरात घाला

हे लिहिताना मला राग येतो, तो लपवत नाही. दर वर्षी पार्टचा दर दोन-तीन टक्के उतरवून मागायचा, शनिवारी संध्याकाळी शेड्यूल दीडपट करायचं, बिल चार महिने लटकवायचं, आणि मग विचारायचं की तुमच्याकडे ओटी जास्त का होतं. जर्मन कायद्यात कंपनीने स्वतःची खरेदीची पद्धतही तपासायची आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, हे आपल्या २००६ च्या कायद्यात आहे.

म्हणून शेऱ्यांच्या रकान्यात तारखा लिहा. कोणत्या दिवशी शेड्यूल बदललं, त्यामुळे किती तास ओटी झालं, कोणतं बिल किती दिवसांनी आलं. आरोपाची भाषा नको, नुसता तक्ता जोडा. एका प्लांटच्या खरेदी प्रमुखांनी असा तक्ता बघून शेड्यूल शुक्रवारी दुपारनंतर न बदलण्याचं मान्य केलं. रविवारची पाळी त्या महिन्यापासून निम्म्यावर आली.

भरलेल्या प्रश्नावलीची प्रत, सोबतचे पुरावे आणि तुम्ही ज्या तारखा दिल्या त्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. कामगारांची नावं त्या फाइलमध्ये घालू नका, क्रमांक वापरा. ती फाइल ठेकेदाराच्या हाती पडू शकते. तीन महिन्यांनी यादी घेऊन परत फिरा, आणि ही फेरी दिवसा नको. रात्री साडेदहाला, दुसरी पाळी संपत आलेली असताना, ऑफिसचे दिवे बंद झालेले असताना प्रेस क्रमांक ४ समोर जा आणि दुसऱ्या बटणावर टेप आहे का ते बघा.